चौकोनी टोप्या, सोनेरी गोंडे आणि 72 कुकीज

जूनमध्ये लेकीचं हायस्कूल ग्रॅज्युएशन झालं. इथे न्यू जर्सीत शाळा जवळजवळ जून संपेपर्यंत चालतात, त्यामुळे पार्टी नेमकी दमट उकाड्यात येते. साठेक माणसं, घरामागच्या यार्डात मांडव, जेवण आणि केक बाहेरून. पण शुगर कुकीज, ग्रॅज्युएशनच्या चौकोनी टोपीच्या आणि डिप्लोमाच्या गुंडाळीच्या आकाराच्या, मी घरीच करणार हे जानेवारीतच ठरवून टाकलं होतं. ती बालवाडीत असल्यापासून तिच्या वर्गात कुणाकुणाच्या आयांनी केलेल्या आयसिंगच्या कुकीज यायच्या, ही अर्धी खाऊन अर्धी टिश्यूत गुंडाळून मला दाखवायला आणायची, आणि मला तेव्हा नोकरीतून डोकं वर काढायला वेळ नसायचा. ते मनात राहून गेलं होतं.

म्हणून मार्चपासून दर रविवारी थोडी थोडी प्रॅक्टिस केली.

पिठाचं फार अवघड नाही. बटरच्या दोन स्टिक्स म्हणजे साधारण 226 ग्रॅम, एक कप साखर, एक अंडं, व्हॅनिला, चिमूटभर मीठ आणि तीन कप मैदा, एवढ्यात मध्यम आकाराच्या दोन डझन होतात, मी तीन वेळा केलं. बेकिंग पावडर अजिबात घातली नाही. नानकटाई फुलावी, वरून तडकावी म्हणून आपण मुद्दाम सोडा घालतो, इथे सगळं उलटं, टोपीचे कोपरे टोकदारच राहायला हवेत. पीठ दोन पार्चमेंट पेपरच्या मधे पाव इंच जाड लाटायचं, कापायचं, ट्रेसकट पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये, मग 350 फॅरनहाइटला दहा मिनिटं. कडा लाल व्हायची वाट बघायची नाही.

खरा जीव आयसिंगमध्ये आहे. चार कप पिठीसाखर, तीन टेबलस्पून मेरिंग पावडर, पाच-सहा टेबलस्पून कोमट पाणी. मेरिंग पावडर म्हणजे वाळवलेला अंड्याचा पांढरा बलक, कच्च्या अंड्याची भीती नको म्हणून ती वापरायची. भांड्याला तुपातेलाचा हात लागलेला चालत नाही, आयसिंग चढतच नाही. हे घट्ट फेटून झालं की थेंब थेंब पाणी घालून सैल करायचं आणि सुरीने मधे रेघ मारून आकडे मोजायचे. दहा-बारा आकड्यांत रेघ मिटली तर ते भरायचं आयसिंग, वीसपर्यंत टिकली तर कडेची रेघ मारायला, आणि मिटलीच नाही तर अक्षरांना. सासूबाई सांगलीहून खास नातीच्या ग्रॅज्युएशनसाठी आल्या होत्या, त्या ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या, "अगं म्हणजे पाकासारखंच की, एकतारी नि दोनतारी." अगदी तेच! मी इतके व्हिडिओ बघितले होते पण त्यांच्या त्या एका वाक्याने माझा हात बसला.

रंग शाळेचे, नेव्ही ब्लू आणि सोनेरी. इथे मी एकदा चांगली अडकले. जेल कलर लगेच पूर्ण चढत नाही, काही तासांनी गडद होतो, आणि मी निळा हवा तसा दिसेना म्हणून घालतच गेले. वर डिप्लोमाच्या पांढऱ्या गुंडाळीवर तीनच तासांनी निळी रिबन काढली, हाताला कोरडं लागत होतं म्हणून. सकाळी बघते तर बाराच्या बारा कुकीजवर निळा रंग पांढऱ्यात उतरलेला, शाई कागदावर फुटते तसा. वरची साय वाळली होती, आत ओल होतीच, त्यात हवा दमट आणि रंग जास्त. फार वाईट वाटलं, खरंच. मग दुसऱ्या खेपेला निळा आदल्या रात्रीच एक छटा फिका करून झाकून ठेवला, सकाळी आपोआप नेव्ही झालेला. आणि पांढरं पूर्ण रात्रभर वाळवलं, बेसमेंटमध्ये, डीह्युमिडिफायर आणि टेबल फॅन लावून. फॅनने आयसिंगला चकाकी पण येते, ते मला आधी माहीत नव्हतं.

टोपीचं एक सांगते. आधी डोक्यावर बसणारा खालचा भाग भरायचा, अर्धा तास थांबायचं, त्यावर साय धरली की मगच वरचा चौकोन. दोन्ही एकदम भरले तर एकमेकांत वाहून निळा गोळा होतो, थांबलं तर मधे बारीकशी कड राहते आणि त्या कडेमुळेच ती टोपी दिसते.

गोंडा सगळ्यात शेवटी, घट्ट आयसिंगच्या पाच-सहा बारीक रेघा वरून खाली ओढून. वाळल्यावर सोनेरी लस्टर डस्ट, म्हणजे चमकणारी पावडर. ती विकत घेताना डबीवर नुसतं नॉन-टॉक्सिक लिहिलेलं पुरत नाही हं, खाण्यायोग्य म्हणून स्पष्ट लिहिलेलं आणि घटकांची यादी असलेलीच घ्या. ती पाण्यात कालवली तर खालची साखर विरघळते, म्हणून लेमन एक्स्ट्रॅक्टमध्ये कालवली, त्यातलं अल्कोहोल भराभर उडून जातं.

गोंडा कुठल्या बाजूला यावर आमच्या घरात अर्धा तास चर्चा झाली. समारंभात आधी तो उजवीकडे असतो, पदवी जाहीर झाली की डावीकडे घेतात. लेक म्हणाली पार्टी नंतर आहे म्हणजे डावीकडेच, मग लक्षात आलं की घालणाऱ्याची डावी म्हणजे समोरून बघणाऱ्याची उजवी. साठ टोप्या आणि सगळे गोंडे तिने स्वतः काढले, रात्री एकपर्यंत बसून. ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जाणार, मी समोर बसून नुसती तिचा हात बघत होते.

सासूबाई अंडं खात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं केलं, पिठात अंड्याऐवजी तीन टेबलस्पून दूध, आणि वर पिठीसाखर, दूध, कॉर्न सिरपचं ग्लेझ. ते जरा मऊच राहतं, वाळायला पूर्ण दिवस घेतं, पण चव मला तर जास्त आवडली. त्यातल्या एका गोल कुकीवर लेकीने "आजी" लिहिलं. तिला मराठी लिहायची सवय नाही, तिने आधी शिरोरेघ ओढली आणि अक्षरं खाली लटकवली तर ग्लेझ ओघळायला लागलं, मग ते पुसून, ग्लेझ पिठीसाखर घालून घट्ट करून, अक्षरं आधी आणि रेघ शेवटी.

पार्टीत ती कुकी सासूबाईंनी हातात धरून सगळ्यांना दाखवली. मग खुर्चीत बसून कडेकडेने खाल्ली, अक्षरं शेवटी.