ऑर्डरी थंडावल्या की कोणती कामं काढायची?

हाताने वस्तू बनवून विकणाऱ्या कुठल्याही धंद्यात, मग तो दागिन्यांचा असो, साबणाचा, शिवणकामाचा, मातीच्या भांड्यांचा की चित्रांच्या प्रिंटचा, वर्षातले काही आठवडे कोरडे जातातच. अशा वेळी बरेच जण घाबरून सेल लावतात, नाहीतर नवा लोगो करायला बसतात. दोन्हींतून फारसं काही हाती लागत नाही. जे काम गर्दीच्या दिवसांत करताच येत नाही, कारण त्याला सलग वेळ लागतो किंवा त्याचं फळ दीड-दोन महिन्यांनी मिळतं, ते या दिवसांत आधी काढायचं.

त्याआधी ही मंदी कसली आहे ते बघून घ्या. मागच्या महिन्याशी तुलना करून काही कळत नाही, गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करायला हवी. चार आकडे पुरतात: चौकशा किती आल्या, त्यातल्या किती जणांनी खरंच ऑर्डर दिली, सरासरी ऑर्डर केवढ्याची होती आणि त्यात जुनी गिऱ्हाइकं किती. चौकशाच कमी असतील आणि गेल्या वर्षीही याच सुमारास कमी होत्या, तर तो हंगामाचा उतार. चौकशा तेवढ्याच आहेत पण ऑर्डरी होत नाहीत, तर किंमत, फोटो किंवा उत्तर द्यायला लागणारा वेळ, यांपैकी कुठेतरी गाडी अडतेय. आणि जुनी गिऱ्हाइकं यायची बंद झाली असतील तर मालाचा दर्जा किंवा डिलिव्हरी तपासा. या शेवटच्या दुखण्यावर कितीही नवे फोटो काढून उपयोग नाही.

सोबत रोकडही मोजायची. हातातली रक्कम भागिले दर महिन्याचा ठरलेला खर्च. भाडं, वीज, हप्ते आणि घरात लागणारे पैसेही त्यात धरा. उत्तर दोनच्या खाली आलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी थकलेली येणी मागा आणि कच्च्या मालाची नवी खरेदी थांबवा. मोकळ्या दिवसांत 'पुढे लागेलच' म्हणून माल भरून ठेवण्याची खोड अनेकांना असते. भांडवल अडकतं ते तिथेच.

सेलबद्दल एक साधा हिशेब. वस्तू १०० ला विकली जाते, तिला खर्च ६० येतो, ४० उरतात. २० टक्के सूट दिली की विक्री ८० ला आणि उरतात २०. म्हणजे तेवढेच पैसे कमवायला दुप्पट वस्तू विकायच्या, आणि त्या बनवायच्या कोणी, तर आपणच. वर गिऱ्हाइकाला सवय लागते ती वेगळीच: ते पुढच्या सेलची वाट बघत बसतं. सूट द्यायचीच तर बंद करायच्या डिझाइनवर, उरलेल्या नगांवर द्या आणि तसं स्पष्ट लिहा.

आता ज्याला सर्वात जास्त वेळ द्यावा असं काम: घड्याळ लावून एक वस्तू बनवणं. आपल्या कामाला किती वेळ लागतो याचा अंदाज जवळजवळ प्रत्येकाचा कमीच निघतो, कारण डोक्यात फक्त आवडीचा भाग मोजला जातो. उदाहरणादाखल हाताने शिवलेली वही घेऊ. विचारलं तर 'तासाभरात होते' असं उत्तर मिळतं. पायरीगणिक नोंद केली तर समजा असं दिसेल: कागद कापणं ७ मिनिटं, घड्या घालून जुड्या करणं ९, भोकं पाडणं ६, शिवण २२, पाठीला गोंद ५, पुठ्ठ्याला कापड लावून आवरण बसवणं १८. झाली ६७ मिनिटं. पण गिऱ्हाइकाच्या प्रश्नांना उत्तरं देण्यात ८, पॅकिंगमध्ये ९ आणि पत्ता लिहून पार्सल रवाना करण्यात ६ मिनिटं जातात, ती कोण मोजणार? एकूण दीड तास. किंमत जर एक तास धरून ठरवली असेल, तर प्रत्येक वहीमागे अर्ध्या तासाची मजुरी बुडतेय.

किंमत नव्याने मांडताना चार रकाने करा: साहित्य (वाया जाणारं धरून), मजुरी, ठरलेल्या खर्चाचा वाटा आणि नफा. मजुरी आणि नफा हे दोन वेगळे रकानेच हवेत. मजुरी तुमच्या हातांची, नफा धंद्याचा. नवं यंत्र येणार ते नफ्यातून. ठरलेल्या खर्चाचा वाटा काढताना महिन्याचा खर्च प्रत्यक्ष बनवण्याच्या तासांनी भागायचा, दुकान उघडं असलेल्या तासांनी नाही. दिवसाला आठ तास काम केलं तरी वस्तू बनवण्यात त्यातले चार-पाचच जातात. बाकीचे खरेदी, हिशेब, फोन आणि साफसफाईत.

मग तीच वही पाच-पाचच्या घाण्यात बनवून पुन्हा मोजा. कापणं, गोंद लावणं, हत्यारं मांडणं-आवरणं यांचा वेळ वाटला जातो. शिवण मात्र प्रत्येक वहीला तेवढीच लागते. एका नगामागे ६७ ची ५४ मिनिटं झाली, तर १३ मिनिटांची मजुरी वाचली. घाऊक ऑर्डरवर सूट किती द्यायची याचं उत्तर तिथेच सापडतं: या वाचलेल्या मजुरीत घाऊक भावाने मिळालेल्या साहित्यातली बचत मिळवायची. त्यापुढची सूट आपल्या खिशातून जाते.

मालमोजणीला एक दिवस पुरतो. प्रत्येक वस्तू हातात घेऊन मोजायची आणि शेवटची कधी विकली गेली ते लिहायचं. वर्षभर हललं नाही ते बाजूला काढा: मोडून साहित्य परत मिळत असेल तर मोडा, नाहीतर दोन-तीन नग एकत्र बांधून एका किमतीला काढून टाका. कच्च्या मालात तारखा बघा. रेझिन (ओतून घट्ट करायचा पारदर्शक राळेसारखा द्रव) घट्ट करणारं हार्डनर जुनं झालं की पिवळं पडतं आणि पारदर्शक कामात ते लगेच दिसतं. थंडीने रेझिन गढूळ होऊन दाणेदार झालं असेल तर टाकू नका. बंद बाटली गरम पाण्यात ठेवली की बहुतेक वेळा पूर्ववत होतं. चांदीच्या वस्तू हवाबंद पिशवीत, काळवंडू न देणाऱ्या कागदाच्या पट्टीसोबत ठेवाव्यात. साध्या रबर बँडमध्ये गंधक असतं, त्याने चांदी आणखी लवकर काळी पडते.

यंत्रांचंही याच दिवसांत बघून घ्यायचं. शिलाई मशीनची सुईखालची पट्टी काढून आत साठलेला बुरा ब्रशने काढा. फुंकर मारू नका, तो आणखी आत जातो आणि तोंडाची वाफही लागते. ज्या मॉडेलला तेल लागतं त्यात शिलाई मशीनचंच तेल घाला आणि मग एखाद्या चिंधीवर चार ओळी शिवा, म्हणजे जास्तीचं तेल गिऱ्हाइकाच्या कापडावर उतरणार नाही. सुई साधारण आठ तासांच्या शिलाईनंतर बदलायची असते. टाके सुटणं आणि दोरा तुटणं ही दुखणी बऱ्याचदा तेवढ्यानेच जातात. इंकजेट प्रिंटर तर बंद ठेवल्यानेच बिघडतो. शाई नोझलमध्ये, म्हणजे ती सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, सुकते. काम असो-नसो, आठवड्याला एक रंगीत पान छापत राहा.

फोटोंसाठी महागडा कॅमेरा लागत नाही, पक्की जागा लागते. थेट ऊन न येणारी खिडकी निवडा, टेबल तिच्या बाजूला लावा आणि वस्तूच्या पलीकडे, खिडकीच्या समोरच्या बाजूने, पांढरा पुठ्ठा उभा करा, म्हणजे सावलीची बाजू उजळते. खोलीतले दिवे बंद ठेवा. दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आला की खरा रंग कुठल्याही ॲपमध्ये परत आणता येत नाही. पांढरी पार्श्वभूमी फोटोत राखाडी येते, कारण कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून उजेड ठरवतो. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) पाऊण ते एक पायरी वाढवलं की पांढरं पांढरं दिसतं. फोन फार जवळ नेला तर वस्तू फुगीर दिसते. दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूमची लेन्स वापरा. कॅमेरा असेल तर ट्रायपॉडवर (तिपाईवर) आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) १०० आणि ॲपर्चर (लेन्सचं उघडणारं छिद्र) एफ/८ ही सुरुवात बहुतेक लहान वस्तूंना चालते. टेबल आणि ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा जमिनीवर चिकटपट्टीने करून ठेवल्या, की हंगामात नव्या वस्तूचे फोटो मांडामांड न करता निघतात आणि सगळं पान एकसारखं दिसतं.

प्रत्येक वस्तूचे किमान चार फोटो हवेत: समोरून, पाठीमागून, बारकावा दाखवणारा जवळून आणि आकार कळावा म्हणून हातात धरलेला. वस्तू परत येण्यामागे 'एवढी लहान असेल असं वाटलं नव्हतं' हे कारण नेहमीचं. त्यामुळे वर्णनात मापं, वजन, साहित्य आणि निगा कशी राखायची हे लिहायलाच हवं. 'प्रेमाने बनवलेलं' लिहून कोणाला माप कळत नाही.

पुढच्या हंगामाचं कॅलेंडर उलटं मांडायचं. विक्री सुरू होण्याची तारीख घ्या आणि मागे मोजत या. शीतपद्धतीचा (न शिजवता केलेला) साबण मुरायला ४ ते ६ आठवडे, सोया मेणबत्तीचा वास नीट बसायला एक ते दोन आठवडे. मातीचं भांडं सावकाश वाळवून, दोनदा भाजून हातात येईपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. घाईने वाळवलं तर तडकतं आणि ओल राहून भट्टीत गेलं तर फुटतं. त्यात कच्चा माल यायचे दिवस, पॅकिंगचं सामान आणि एक घाणा वाया गेला तर दुसरा करता येईल एवढी सवड मिळवा. मग लक्षात येतं की हंगामी साबणाचं काम हंगामाच्या किमान दोन महिने आधी सुरू व्हायला हवं, म्हणजे बहुधा आत्ताच.

नवी डिझाइनं जरूर करा, पण एका वेळी दोन-तीनच, आणि प्रत्येकाचे चार-पाच नग विकून बघितल्याशिवाय साचे किंवा छापील लेबलं मोठ्या संख्येने मागवू नका.

जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवायचा तर सगळ्यांना एकच मजकूर नको. गेल्या वर्षभरात दोनदा घेतलेल्यांची यादी काढा, त्यांनी काय घेतलं होतं त्याचा उल्लेख करून तीन ओळी लिहा आणि नवीन काय आहे त्याचा एकच फोटो जोडा. निरोप नको असं कोणी कळवलं तर नाव यादीतून लगेच काढा. दुकानांना घाऊक मालासाठी लिहिताना पहिल्याच पत्रात घाऊक दर, कमीत कमी किती नग घ्यावे लागतील आणि माल किती दिवसांत मिळेल हे द्या. दुकानदार प्रश्नोत्तरांच्या फेऱ्या मारत बसत नाही. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा. त्यानंतर ते नाव पुढच्या हंगामाच्या यादीत टाकून दुसऱ्या दुकानाला लिहायला घ्या.