उणे नऊ दिवस

आज सायंकाळी संमेलनाच्या संकेतस्थळावरील 'कार्यकर्ते' हे पान सहज उघडले आणि तेथील चौतीस नावांत माझे नाव नाही, हे प्रथमच लक्षात आले. संमेलन संपून नऊ दिवस झाले. ते पान मीच तयार केले असल्यामुळे रागवायला दुसरा कोणी हाताशी नाही, आणि बहुधा म्हणूनच ते जास्त लागले.

चिटणीसकाकांनी यादी श्री-लिपीत टंकलेली पाठवली होती. त्या जुन्या फाँटमध्ये देवनागरीची वळणे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे तो मजकूर पानावर उतरवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आणल्यावरही रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले होते आणि ऱ्हस्व वेलांट्या शेजाऱ्याला चिकटल्या होत्या. यादीत चार कुलकर्णी होते. चौघांचेही रफार मी हाताने जागेवर आणले. सतरंज्या घालणारी मुले, तानपुरे जुळवून देणारे, चहा सांभाळणारे, या सर्वांना फोन करून नावे शुद्ध करून घेतली आणि रात्री दोन वाजेपर्यंत एकेक अक्षर तपासले. माझे नाव नाही हे तेव्हा दिसायला हवे होते. दिसले नाही. काकांनी ते पान तीनदा पाहून 'उत्तम' असे कळवले, म्हणजे त्यांनाही दिसले नाही. वहिनींना तर... असो.

मला नेमके काय हवे होते, हे मी स्वतःला विचारून पाहिले. नारळ आणि शाल नक्कीच नको होती. समारोपात 'ज्यांची नावे अनवधानाने राहिली असतील त्यांचेही आभार' असे म्हटले गेले, तेव्हा तिसऱ्या रांगेत बसून मी मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. ते वाक्य आपल्याचसाठी होते, हे कळायला नऊ दिवस लागावेत!

सांगलीच्या रंगभूमीवरील टिपणही मीच त्या पानांसाठी लिहिले होते. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी येथे 'सीतास्वयंवर' सादर केले. त्यांच्या खेळांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. समाधानासाठी मी स्वतःला सूत्रधार म्हणवून पाहिले, पण तो सर्वांच्या देखत उभा राहून गात असे. मग विंगेतील प्रॉम्प्टर आठवला. ही तुलना दोन मिनिटे फार आवडली. नंतर वाटले, त्याला निदान विंगेत चहा तरी पोचतो.

शेवटी पान संपादनासाठी उघडले. यादी भोजन, ध्वनी, मंच अशा विभागांनी लावलेली आहे आणि माझ्या कामाचा विभागच तीत नाही. 'संकेतस्थळ' असे शीर्षक घालून त्याखाली माझे नाव लिहिले. ते एकटेच तेथे असे दिसू लागले, की जणू सभागृह रिकामे झाल्यावर मी स्वतःच्या हाताने हार घालून घेत होते. पुसून टाकले. पुन्हा लिहिले, या वेळी लहान अक्षरांत. ते तर अधिकच केविलवाणे दिसले. तेही पुसले.

तेवढ्यात मुखपृष्ठावर नजर गेली. तेथील दिवस मोजणारी पट्टी मी बंद करायची विसरले होते आणि ती इमानेइतबारे सांगत होती : 'संमेलनास उणे ९ दिवस बाकी'. याबद्दल एकाचाही फोन आला नाही, म्हणजे इतक्या दिवसांत ते पान कोणी उघडलेलेच नसावे. ज्या यादीत नाव नाही म्हणून मी तासभर तोंड पाडून बसले होते, ती वाचणारी बहुधा मी एकटीच होते. हसू आले.

पट्टी काढून टाकली आणि त्या जागी 'संमेलन संपन्न झाले' असे लिहिले. यादी आहे तशीच ठेवली आहे. माझे नाव कुठेच नाही असे म्हणणेही तसे खरे नाही. डोमेनची नोंदणी माझ्याच नावावर आहे आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाचे पैसे भरण्याची आठवण न चुकता मलाच येईल.