पैसे दिले की मुलं शिकतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते म्हटलं की लग्नकार्यातसुद्धा हा प्रश्न येतोच: "सरकार शाळांवर एवढा खर्च करतं, मग पोरांना धड वाचता का येत नाही?"

त्या खर्चातला मोठा वाटा पगारांचा, आणि तो हवाच. शाळा चालवायला हाती येतं ते 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 असेल तर 25,000. आमचा पट 33 होता. तीन घरांनी आपली चार पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली आणि पट 29 वर आला. छप्पर तेवढंच, संडास तेवढेच, पाण्याची टाकी तीच. गेली चार मुलं, पण मागे राहिलेल्या 29 जणांचे 15,000 रुपये गेले. हा हिशेब मला आजही पटत नाही.

त्या वर्षी बिल थकलं आणि वीज तोडली. आमच्या तिसरी-चौथीच्या खोलीला एकच खिडकी. पावसाळ्यात दुपारी दोनलाच अंधारून येतं. एक मुलगी जोडाक्षर आलं की पुस्तक घेऊन उठायची आणि दारात जाऊन उभी राहायची. मला वाटलं, वाचन टाळते. तिच्या नोंदीत मी "वाचनात सुधारणा आवश्यक" असं लिहिलंही. पुढे वीज आली, तेव्हा तीच मुलगी जागेवर बसून अख्खा धडा न अडखळता वाचून गेली. तिला दिसतच नव्हतं हो! ती नोंद माझ्या हातची आहे, अजून सलते.

पैसा किती, याइतकंच तो कधी येतो यालाही महत्त्व आहे. एकदा अनुदान फेब्रुवारी संपताना आलं, खर्च 31 मार्चच्या आत दाखवायचा. मग भिंती रंगवल्या. रंगाचं बिल लगेच मिळतं. गोष्टींची पुस्तकं निवडायला वेळ लागतो, आणि ती हवी असतात जूनमध्ये.

यंदा जूनमध्ये विजेचं बिल पालकांनी वर्गणी काढून भरलं. बहुतेक शेतमजूर. कुणी 50 दिले, कुणी 200. एका आजीने पदराच्या गाठीतून वीस-वीसच्या तीन नोटा काढल्या, आणि पावतीवर नातवाचं नाव घालायला सांगितलं.