गच्चीवरचे पत्रे

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्चीच्या गळतीचा विषय निघाला की वरच्या मजल्यावरच्यांना पत्रे हवे असतात, खालच्यांना वॉटरप्रूफिंग पुरेसे वाटते, आणि थोड्याच वेळात चर्चा गच्चीवरून एकमेकांच्या हेतूंवर घसरते. ‘तुम्हांला काय, तुमचे छत कोरडे आहे’ हे वाक्य एकदा उच्चारले गेले की पत्र्यांविषयी कोणीच काही ऐकत नाही. समोरच्याचा विरोध त्याच्या हेकटपणातून येतो आणि आपला मात्र परिस्थितीतून, असे मानण्याची माणसाची खोड मानसशास्त्रात सुपरिचित आहे.

अशा वेळी ‘पत्रे का हवेत?’ असे विचारून काही साधत नाही, कारण उत्तरादाखल जो तो आपली बाजू अधिकच घट्ट धरतो. ‘पत्रे कसे बसवायचे?’ हा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतो. २००२ साली येल विद्यापीठातील लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी, झिप किंवा संडासातला फ्लश यांसारख्या गोष्टी कशा चालतात हे आपल्याला कितपत कळते, याचे गुण लोकांना स्वतःच द्यायला लावले. मग ती क्रिया टप्प्याटप्प्याने लिहायला सांगून पुन्हा गुण मागितले, तेव्हा ते उतरले. समज आणि समजल्याचा भास यांतले अंतर सांगू लागल्यावरच दिसते.

पत्र्यांचेही तसेच आहे. पाणी कोणत्या बाजूने उतरेल, पन्हळ कोण साफ करणार, महापालिकेची परवानगी कोण काढणार, टाकीपर्यंत प्लंबर कसा पोहोचणार, असे विचारले की आवाज आपोआप खाली येतात. वॉटरप्रूफिंगवाल्यांनाही मग भेग नेमकी कुठे आहे हे सांगावे लागते, आणि तिथे तेही अडखळतात. अर्थात हेच प्रश्न भुवई उंचावून विचारले तर ती उलटतपासणी होते, आणि आमच्याकडे निवृत्त अधिकाऱ्यांची संख्या पाहता हा धोका मोठा आहे.

यामुळे मते बदलतात असे नाही. मागच्या सभेत मतदान घ्यावेच लागले आणि पत्र्यांच्या बाजूने ठराव झाला. पण विरोधात हात वर करणाऱ्या काकूंनीच पन्हळीच्या उताराची अट त्यात घालून घेतली. चिटणिसांनी इतिवृत्तात ‘सखोल चर्चा झाली’ एवढेच लिहिले.