किपचाकांची चाळीस हजार कुटुंबं

जॉर्जियाचा राजा चौथा दावित (कारकीर्द १०८९ ते ११२५) म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो: एवढ्याशा राज्यानं १२ ऑगस्ट ११२१ रोजी दिदगोरीला सेनापती इलगाझीच्या सेल्जुक तुर्क फौजेचा पराभव केला कसा? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, माझ्या मते ती लढाई १११८ मध्येच, दावितनं किपचाक हे भटके घोडेस्वार लोक आणले तेव्हा, निम्मी जिंकली होती.

दावित सोळाव्या वर्षी गादीवर आला तेव्हा सैन्य सरदारांच्या हातात होतं. लिपारित बाघवाशीसारखा सरदार बंडाला उभा राहिला की तेवढं बळ कमी होई. राजानं त्याला कैद करून देशाबाहेर घालवलं, पण सरदार आवरल्यानं घोडदळ वाढत नाही. उत्तरेच्या गवताळ मैदानात किपचाक होते, कीव्हचा राजा व्लादिमीर मोनोमाख याच्या स्वाऱ्यांनी बेजार झालेले. त्यांचा प्रमुख अत्राक हा दावितचा सासरा.

अडचण वाटेची होती. कॉकेशस डोंगरातली दारियालची खिंड ओस्सेटियन लोकांच्या ताब्यात आणि त्यांचं किपचाकांशी वैर. दावित स्वतः तिकडे गेला, दोन्ही बाजूंकडून ओलीस घेतले, तंटा मिटवला आणि मगच वाट मोकळी झाली. चाळीस हजार कुटुंबं बायकामुलांसह आली. त्यांना वसायला जागा, हिवाळ्या-उन्हाळ्याचे तळ, घोडे आणि हत्यारं दिली. घरटी एक लढवय्या, तुकड्या कुळांनुसार. याखेरीज राजाच्या खास पदरचे पाच हजार शिपाई.

हे सगळं सुरळीत चाललं नाही. खुद्द राजाचा चरित्रकार लिहितो की किपचाकांनी त्याला मारायचे कट वारंवार केले. तरीही या फौजेचा मोठा गुण म्हणजे ती कुणा सरदाराची नव्हती आणि वर्षभर हाताशी असे. तुर्क टोळ्या थंडीत गुरंढोरं आणि तंबू घेऊन म्तक्वारी नदीकाठच्या कुरणांत उतरत. दावित नेमका तेव्हाच, त्यांना चाहूल लागू न देता, तळावर तुटून पडे. या मारानं त्रासलेल्यांनी सेल्जुक सुलतानाकडे दाद मागितली, म्हणून तर इलगाझी आला.

दिदगोरीनंतर पुढच्याच वर्षी, ११२२ मध्ये, तिबिलिसी पडली. सुमारे चारशे वर्षं मुसलमान अंमलाखाली असलेलं ते शहर दावितनं राजधानी केलं, आणि तिथल्या मुसलमानांच्या वस्तीत डुकरं मारायला मनाई केली.