रुपया घसरतो तेव्हा सोन्याची पावती नीट वाचा

बेळगावातल्या शहापूरच्या सराफ गल्लीत लागणारा सोन्याचा दर तिथे ठरत नाही. लंडनचा औंसाचा डॉलरमधला भाव, गुणिले डॉलरचा रुपयातला दर, भागिले ३१.१०३५, कारण एका ट्रॉय औंसात तेवढे ग्रॅम. वर आयात शुल्क. समजा औंसाला ३,००० डॉलर भाव आहे. डॉलर ८३ रुपये असेल तर शुल्काआधी ग्रॅमला ८,००५ रुपये पडतात. डॉलर ८७ झाला की तोच ग्रॅम ८,३९१ चा. सोनं जागेवरच आहे, रुपया तेवढा खाली आलाय. रुपयाच्या घसरणीवर सोनं हा उतारा म्हणतात, तो इतकाच.

२०११ मध्ये औंस १,९०० डॉलरच्या आसपास होता, २०१५ अखेर १,०५० वर आला. डॉलरवाल्यांचं जवळपास निम्मं गेलं. आपल्याकडे मात्र त्याच काळात डॉलर पन्नाशीच्या आतून ६६ वर गेला आणि शुल्कही वाढलं, म्हणून मार बराच कमी बसला. पण बसलाच. आणि २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं तेव्हा रुपया न सुधारताही दर धाडकन उतरला. सरकारी कागदाचा हा धोका कोणी हिशेबात धरत नाही.

खरी गळती मात्र घडणावळीत आहे. उसाचं बिल जमा झालं की पाटल्या करायच्या आणि त्याला गुंतवणूक म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी समजूत. सोपा आकडा घेऊ, २२ कॅरेटचा ग्रॅम १०,००० रुपये. दहा ग्रॅमचे १,००,०००, घडणावळ १२ टक्के म्हणजे १२,०००, एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी ३,३६०. हातातून गेले १,१५,३६०. उद्या मोडीत घातलं आणि सराफानं ३ टक्के घट धरली, तर मिळणार ९७,०००. म्हणजे दर सुमारे १९ टक्के चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. त्याऐवजी चोख सोन्याचं नाणं किंवा साधं वेढणं घेतलं तर हीच दरी साधारण ५ ते ८ टक्क्यांवर येते. ठुशी, गंठण असले दागिने हौसेसाठी घ्या, रुपयापासून बचाव म्हणून नव्हे. लाख, खडे, काळे मणी सोन्याच्या भावात मोजले जाऊ नयेत म्हणून पावतीवर निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या. आणि कोल्हापूरला कर कमी लागतो हा गैरसमज सोडा. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंना जीएसटी ३ टक्केच आहे.

दागिना हातात आला की भिंग मागा. तीन खुणा दिसायला हव्यात: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, २२ कॅरेटसाठी ९१६ आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो क्रमांक दुकानातच बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता पावतीशी जुळते का ते बघा. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्क दागिना विकता येत नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं सराफालाच निषिद्ध आहे, तेव्हा 'पावती नको, जीएसटी वाचेल' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. मोडताना तुमच्याकडे शुद्धतेचा पुरावाच उरत नाही.

ज्यांना अंगावर घालायचं नाही त्यांनी गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात युनिटमध्ये मिळणारा सोन्याचा फंड, पाहावा. घडणावळ नाही, जीएसटी नाही, लॉकरचं भाडं नाही. वर्षाचा खर्च मात्र युनिटमधून कापला जातो. सरकारच्या सुवर्ण रोख्यांची शेवटची मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली. जुने रोखे शेअर बाजारात मिळतात, पण उलाढाल पातळ असते. विकत घेण्याआधी त्या दिवसाच्या ९९९ म्हणजे चोख सोन्याच्या दराशी ताडून बघा, कित्येकदा वरचढ भावाला विकले जातात.

एक गोष्ट दागिन्याच्या बाजूने: तारण. पेरणीच्या तोंडावर बँकेत पाटल्या चालतात. बिस्किटावर किंवा ईटीएफवर सोनेतारण कर्ज मिळत नाही, आणि नाणी चालली तरी ५० ग्रॅमपर्यंतच. घरात शेतीचं कर्ज नेहमीचं असेल तर काही भाग साध्या, कमी घडणावळीच्या बांगड्यांत ठेवणं शहाणपणाचं.

चांदीचं गणित डॉलरशी तसंच बांधलेलं, पण कारखान्यांची मागणी आत आल्यानं ती सोन्यापेक्षा जास्त उसळते आणि जास्त आपटते. हुपरीच्या पैंजणांना गुंतवणूक समजून किलोच्या भावाने मोजणारे टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, विचारत नाहीत. मोडताना सराफ पहिलं तेच विचारतो.