घेराची कड

नांदेडात तरोडा भागात माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. 19 वर्षं झाली. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, एवढंच काम. गेल्या वर्षी दिवाळीच्या गर्दीत पंचविशीची एक मुलगी जॉर्जेटचं कापड घेऊन आली. तिला पूर्ण गोल घेराचा स्कर्ट हवा होता, आणि लांबी अशी की कड जमिनीपासून फक्त अर्धा इंच वर राहावी. मी म्हटलं, "अगं बाई, पायात अडकून पडशील." ती म्हणाली, "नाही अडकत मावशी. बघा तुम्ही."

गोल घेर कापला की लगेच तुरपाई करायची नसते. उरेबात, म्हणजे तिरक्या धाग्यात, आलेलं कापड आपल्याच वजनानं खाली ओढलं जातं, एखाद्या ठिकाणी इंचभरसुद्धा. म्हणून मी तो रात्रभर टांगून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिला घालायला लावला आणि कड सारखी करायला खाली बसले. हातात खडू, डोळे जमिनीच्या उंचीवर. ती म्हणाली, "चालून दाखवू?" काउंटरपासून दारापर्यंत आठ-नऊ फूट ती गेली. मी कडेकडेच बघत होते. कड पुढे गेली, पण वर-खाली झाली नाही. इतक्या वर्षांत मला बाईची चाल कडेवरून ओळखू येते. टाच आपटणारीची कड मागून उडते, घाईत असणारीची पुढून फाकते, गुडघा दुखणारीची एका बाजूला जास्त झोल खाते. हिची कड पाटाच्या पाण्यावरून पान जावं तशी गेली. पाय आत कुठे होते ते कळलंच नाही.

"हे काय आहे?"

"बेली डान्स, मावशी. मी शिकवते."

त्या रात्री जेवताना मी घरी सांगितलं की मला हे शिकायचं आहे. वय 43. नवऱ्यानं घास खाली ठेवला, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग दुकान किती वाजता बंद करशील?" तोच त्यांचा होकार. पुढच्या सोमवारपासून मी जायला लागले. आठवड्यातून तीन संध्याकाळ, बायकांचीच बॅच. दुकानात ती मला मावशी म्हणायची. क्लासमध्ये मी तिला मॅडम म्हणायला लागले, तेव्हा ती मला ताई म्हणू लागली.

बेली डान्स म्हटलं की आपल्याला पोटच आठवतं. मलाही तेच वाटलं होतं. पण ते नाव फ्रेंच लोकांनी ठेवलं, 'पोटाचं नृत्य' अशा अर्थाचं. अरबीत याला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचं नृत्य. घरात, लग्नात बायका नाचायच्या ते जवळजवळ एकाच जागी उभ्या राहून. मग 1926 मध्ये बदिया मसाबनी या बाईंनी कैरोत आपला क्लब उघडला. रंगमंच मोठा झाला, तसं नाचणारीला तो भरून काढावा लागला. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, पण कमरेची हालचाल मोडायची नाही. ताहिया कारिओका आणि सामिया गमाल या नर्तकी तिथूनच पुढे आल्या. सामिया गमालनं बॅलेचे धडेही घेतले होते. मॅडमनी मोबाइलवर तिचे जुने कृष्णधवल तुकडे दाखवले. ओढणी घेऊन ती अशी आत येते की तिच्या पायाखाली फरशी आहे असं वाटतच नाही. मी तो तुकडा घरी येऊन पुन्हा पुन्हा बघितला. मला कमरेचे झटके नको होते, तिचं ते आत येणं हवं होतं.

माझी पहिली अडचण पायाच्या सवयीची होती. आपलं नाचणं पायाच्या आवाजावर उभं आहे. लावणीत चाळ बोलले पाहिजेत, लेझमीत पाऊल ठोकलं पाहिजे, फुगडीत तर जमीन दणाणली पाहिजे. शाळेत मी लेझीम पथकात पुढे असायची. माझ्या पायाला जमिनीवर पडायचं माहीत होतं, जमिनीवर उतरायचं नाही. मॅडम डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "ताई, तुमचं पाऊल मला ऐकू यायलंय."

दुसरी अडचण बोटांची. पडू नये म्हणून मी पायाची बोटं आकसून फरशी धरायची. मला ते कळतच नव्हतं. एक दिवस मॅडम खाली बसल्या आणि माझ्या अंगठ्याखाली कागदाची चिठ्ठी सरकवायला लागल्या. जाईना. बोटं आकसली की तळवा कडक होतो, त्याच्यामागून पोटरी कडक, मग गुडघा, आणि मग डोकं वर-खाली व्हायला लागतं. बोटं सैल सोडायला मला जवळपास तीन आठवडे लागले. मशीनवर बसल्या बसल्या मी बोटं पसरायची, मिटायची.

आणि टाचा. काळ्या मातीतल्या गावात लहानपण गेलं. हिवाळ्यात टाचांना भेगा ठरलेल्या. अलगद पाय सरकवला की टाचेच्या कातडीत जॉर्जेटच्या ओढणीचा धागा अडकायचा आणि कर्र आवाज येऊन ओढला जायचा. रोज रात्री कोमट पाण्यात पाय, वजरीनं घासणं, वर एरंडेल आणि जुने मोजे. महिनाभरात टाचा गुळगुळीत झाल्या. एवढ्या साध्या गोष्टीनं अर्धा अडसर गेला, हे आधी कुणी सांगितलं असतं तर दोन ओढण्या वाचल्या असत्या.

जानेवारीत मी चूक केली. मॅडम सपाट पायानं सरकायला शिकवत होत्या. मला मात्र चवड्यावर उभं राहून तरंगायची घाई झाली होती, कारण सामिया गमाल तशी दिसते. दुकान बंद करून मी शटर अर्धं ओढायची आणि शहाबादी फरशीवर तास-तासभर चवड्यावर चालायची. आठव्या की नवव्या रात्री झोपेत डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी ओरडून उठले. सकाळी घोट्याच्या आतल्या बाजूलाही दुखत होतं. डॉक्टरांनी तीन आठवडे टाच उचलायची नाही असं बजावलं.

त्या तीन आठवड्यांत कोपऱ्यातलं जुनं पायमशीन मी बाहेर काढलं. दुसऱ्या मशीनला मोटर बसवल्यापासून ते तसंच पडून होतं. फॉलची सगळी कामं त्याच्यावर घेतली. टाच, चवडा, टाच, चवडा. अंगाचा भार पायावर नसतो, घोटा तेवढा हलत राहतो. तिथेच माझं लक्ष सुईकडे गेलं. सुई एवढी वर-खाली होते, पण खालचे दाते प्रत्येक टाक्याला कापड सारखंच पुढे नेतात. कापड आपण ओढलं की टीप वाकडी येते. मला क्लासमध्ये हेच करायचं होतं. कंबर सुईसारखी चालली तरी चालेल, पण खालून अंग सारखं पुढे जायला हवं. मी आतापर्यंत अंग ओढत होते.

बरी झाल्यावर घरी सराव सुरू केला. डोक्यावर पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि ओसरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. मॅडमनीच सांगितलं होतं. इजिप्तमधल्या लग्नात वरातीपुढे नाचणारी डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचं झुंबर घेते, त्याला शमादान म्हणतात. मी तांब्यापासून सुरुवात केली. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "काय करायलीस गं? पाय घासत चालू नको घरात."

मी सांगितलं, घासत नाही, सरकवतेय.

"घासायलीस. आवाज येतोय की."

आत्याबाई मुखेड तालुक्यातल्या. माहेरी आणि नंतर सासरी, मिळून तीस-पस्तीस वर्षं त्यांनी डोक्यावरून पाणी आणलं. उन्हाळ्यात गावची विहीर आटली की शिवारातल्या विहिरीवर, दोन घागरी एकीवर एक, ढेकळांतून, बांधावरून. त्या उठल्या. पदराची चुंबळ केली, तांब्या माझ्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर ठेवला, आणि गेल्या. 70 वर्षांची बाई, गुडघ्यांना तेल लावल्याशिवाय रात्री झोप येत नाही. तांब्यातलं पाणी हिंदकळलं नाही.

"घागर असली की माणूस पायानं चालत नसतंय," त्या म्हणाल्या. "गुडघ्यानं चालतंय. गुडघा मऊ ठेव. अन् ज्या पायावर वजन हाय तो हलवायचा नसतो. आधी रिकामा पाय पुढं ठेव, मग त्याच्यावर जा."

मी पाच महिने जे ऐकत होते, तेच होतं. पण मला ते आत्याबाईंच्या तोंडून कळलं. माझा दोष असा होता की मी पायावर वजन असतानाच तो पुढे ढकलत होते. म्हणून आवाज येत होता. भार असलेला पाय घासतो, रिकामा पाय सरकतो. फरक एवढाच आहे, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो दिसत नाही.

गुडघ्याचंही नंतर नीट समजलं. मुलीच्या कंपासपेटीतला कंपास कागदावर चालवून बघा. दोन्ही टोकं टेकलेली असताना मूठ खाली असते, आणि एका टोकावरून पुढे जाताना वर येते. ताठ पायानं चालताना आपलं डोकं तसंच वर-खाली होतं. ज्या क्षणी अंग एका पायावरून जात असतं, त्या क्षणी गुडघा थोडा वाकवला की ती उंची गिळली जाते. म्हणून पावलंही छोटी घ्यायची, स्वतःच्या पावलाच्या लांबीपेक्षा कमी. पाऊल मोठं झालं की गुडघ्याला ती उंची झाकता येत नाही. मांड्या एकमेकींना घासून जातील इतके पाय जवळ ठेवायचे आणि छातीचा पिंजरा मात्र कमरेपासून उचललेला. गुडघे वाकले की अंगही खाली बसायला बघतं, ते बसू द्यायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे. शिलाई करणाऱ्या बाईची पाठ पुढे झुकलेलीच असते.

मार्चमध्ये ताल आला. मलफूफ. दोन मात्रांचा, पण बोल असे पडतात की दुम-तक-तक, तीन-तीन-दोन. रंगमंचावर आत येताना हाच वाजवतात, कारण तो थांबू देत नाही. आपण ज्याला दरबुका म्हणतो त्या ढोलाला इजिप्तमध्ये तबला म्हणतात, हे ऐकून मला फार आपलं वाटलं. माझी मुलगी घरी पिठाच्या डब्यावर मलफूफ वाजवायची आणि मी ओसरीतून जायची. प्रत्येक दुमला पाऊल टाकलं की चाल पुन्हा लेझमीची व्हायची. मग मी पाऊल तालावर टाकणं सोडून वजन तालावर नेणं सुरू केलं. पाऊल आधीच तिथे जाऊन थांबलेलं असतं, दुम वाजला की अंग त्याच्यावर येतं. हे जमलं तो दिवस मला आठवतो, कारण मुलगी वाजवायची थांबली आणि म्हणाली, "आई, परत कर."

एप्रिल-मे म्हणजे पारा 42 च्या पुढे. तळव्याला घाम सुटला की फरशी पाय सोडत नाही. मोजे घातले तर घसरायला होतं, एका मुलीचा तोल जाऊन मनगट मुरगळलं. मी जुन्या पर्सच्या आतलं मऊ चामडं कापलं, चवड्याखाली बसेल एवढं, आणि बोटांवरून व पावलाच्या कमानीवरून रबरी पट्ट्या शिवल्या. टाच मोकळी. चामड्याची रखरखीत बाजू बाहेर ठेवली, गुळगुळीत बाजू पायाला. पाय सरकतोही आणि हवा तिथे थांबतोही. आता क्लासमधल्या अकरा जणींच्या पायात माझ्याच हातच्या पट्ट्या आहेत. मी त्यांचे पैसे घेतले नाहीत.

उजवीकडे वळणं जमतं. डावीकडे वळताना अजून खांदा आधी जातो आणि मग अंग अर्धा इंच वर उडतं. तो जुना डावा घोटा असावा. त्यावर काम चालू आहे. सरकताना कमरेची थरथर धरायची, हे तर आत्ता कुठे सुरू झालंय. दहा पावलं टिकते, अकराव्याला गुडघा कडक होतो.

माझा स्वतःचा स्कर्ट मी पहिल्या आठवड्यात शिवला होता. गडद जांभळा, कंबर 38, म्हणून वरच्या गोलाची त्रिज्या सहा इंच. पायात अडकेल या भीतीनं मी तो जमिनीपासून तीन इंच वर ठेवला होता आणि वर दुहेरी टीप मारली होती. गेल्या रविवारी दुकान बंद असताना मी ती टीप उसवली. आत दुमडलेलं कापड अडीच इंच निघालं. आत्याबाई शेजारी बसून धागे वेचत होत्या. स्कर्ट रात्रभर टांगला, सकाळी घालून आरशासमोर उभी राहिले, आणि आत्याबाई खडू घेऊन खाली बसल्या.

"किती वर ठेवू?"

"अर्धा इंच," मी म्हटलं.

"चालून दाखव आधी," त्या म्हणाल्या.